बंपर पोलादी असावा की अ‍ॅल्युमिनियमचा?

प्रश्न : माझ्याकडे स्वतंत्र चासीवर (खालच्या पोलादी सांगाड्यावर) बांधलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे. एरवी ती डांबरी रस्त्यावरच चालते. मात्र महिन्यातून एकदा-दोनदा मी ती नदीपात्रातल्या दगडगोट्यांवर आणि खडकाळ चढांवर नेतो. मूळचा प्लास्टिकचा पुढचा बंपर दोनदा फुटल्यामुळे आता धातूचा बसवायचा आहे आणि पुढेमागे त्यात विंचही (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारे यंत्रही) घालायची आहे. माझा एक मित्र म्हणतो की पोलादाशिवाय दुसरा विचारच करू नये. दुसऱ्याच्या मते अ‍ॅल्युमिनियम तितकेच मजबूत आणि वजनाला एक तृतीयांश असते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही अर्धेच ऐकावे. वजनाचा हिशेब आधी करू, कारण बंपर दगडाला क्वचित लागतो, वजन मात्र गाडी रोज वाहते.

पोलादाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम असल्यामुळे, सारख्याच आकाराच्या दोन तुकड्यांपुरते आपल्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे खरे आहे. परंतु दोन्ही बंपर सारख्याच जाडीच्या पत्र्याचे नसतात. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतो, म्हणजे तेवढ्याच जाडीचा पत्रा तेवढ्याच भाराखाली जवळजवळ तिप्पट लवतो. ही उणीव जाडी वाढवून भरून काढतात. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे जाडी तिप्पट करावी लागत नाही, ४.३ मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियम ३ मिलिमीटरच्या पोलादाइतके ताठ ठरते. अशा पोलादाचे वजन चौरस मीटरला सुमारे २३.५ किलो आणि अ‍ॅल्युमिनियमचे ११.६ किलो भरते. शिवाय टोचा आणि ओरखडे सहन व्हावेत म्हणून चांगले कारागीर ५ ते ६ मिलिमीटरचा पत्रा घेतात, त्यामुळे हाती येणारा बंपर पोलादीपेक्षा एक तृतीयांशाने ते निम्म्याने हलका असतो. एक तृतीयांश वजनाचा मजबूत बंपर कोणी दाखवलाच, तर त्याच्या पत्र्याची जाडी मोजून पाहावी.

आता हे वजन कोठे लटकते ते पाहा. बंपर पुढच्या आसाच्याही पुढे असतो, म्हणून त्याचा भार तरफेसारखा वाढून आसावर येतो. समजा, गाडीच्या दोन आसांतील अंतर २.६ मीटर आहे आणि बंपरचा गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून ०.८ मीटर पुढे आहे. ६० किलोचा पोलादी बंपर तेथे बसवला, की पुढच्या आसावर ६० नव्हे, तर सुमारे ७८ किलो वाढतात आणि मागच्या आसावरचे १८ किलो कमी होतात. त्यात ३५ किलोची विंच घातली, तर पुढची वाढ १२४ किलोंपर्यंत जाते. मूळ स्प्रिंगा या भाराच्या नसतात; नाक खाली बसते, खड्ड्यात निलंबन (सस्पेन्शन) तळाला आपटते, ब्रेक लावताना गाडी पुढे झुकते आणि भुसभुशीत चढावर मागची चाके पकड सोडू लागतात. ३३ किलोच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बंपरने हीच वाढ विंचीशिवाय ४३ किलोंवर थांबते. (मूळ बंपर उतरवल्याने त्याचे वजन वजा होते, पण प्लास्टिकच्या आवरणाच्या बाबतीत ते थोडेच असते.) पोलाद घ्यायचे असेल, तर पुढच्या अधिक भाराच्या स्प्रिंगा हा त्याच खरेदीचा भाग समजावा.

मजबुतीविषयी म्हणाल, तर अ‍ॅल्युमिनियम हे एकच द्रव्य नाही. भांड्यांच्या अ‍ॅल्युमिनियमशी या कामाच्या मिश्रधातूंचा संबंध नावापुरताच. बंपरसाठी मुख्यतः ५०५२ आणि ६०६१ या क्रमांकांचे मिश्रधातू वापरतात. साधे सौम्य पोलाद कायमचे वाकण्याआधी सुमारे २५० मेगापास्कल ताण सहन करते. ५०५२-एच३२ सुमारे १९०, तर ६०६१-टी६ सुमारे २७५ (एच३२ आणि टी६ या मिश्रधातू कठीण करण्याच्या संस्कारांच्या खुणा). म्हणजे कागदावर एक अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या पुढेही जाते. खरा भेद त्यानंतर काय होते यात आहे. सौम्य पोलाद मर्यादा ओलांडल्यावर बराच वेळ ताणले जात राहते, तुटत नाही; चेपलेला बंपर तापवून, ठोकून, साखळीने ओढून पुन्हा सरळ करता येतो. ६०६१-टी६ ची ताणली जाण्याची क्षमता याच्या निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे तीव्र घडी पडली की तिच्या बाहेरच्या बाजूला चीर जाते, आणि घडी उलगडायला गेल्यास ती चीर वाढते. ५०५२ या बाबतीत बरेच समजूतदार आहे.

खडकाचा प्रश्न आणखी वेगळा आहे, आणि तो माहितीपत्रकांत सापडत नाही. पोलादी बंपर खडकावर घासला, तर करकरत घसरतो आणि गाडी पुढे सरकते. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे खडकाची धार त्यात रुतते, धातूचा पापुद्रा निघतो आणि गाडी घसरण्याऐवजी अडकते. ज्याचा बंपर नेहमी खडकाला लागतो त्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. ज्याचा लागत नाही त्याला तो कधीच कळत नाही.

आपल्या बाबतीत माझे मत पोलादाकडे झुकते, पण पूर्ण रुंदीच्या बंपरकडे नाही. चासीच्या दोन दांड्यांच्या थोडाच बाहेर संपणारा आखूड पोलादी बंपर घ्यावा. चाकांच्या पुढचा भाग उघडा राहिल्याने चाक थेट दगडाला भिडते व चढू लागते, कोपरे अडकत नाहीत, आणि वजनाचा मोठा हिस्सा धातू न बदलताच कमी होतो. अनेक जण पोलाद की अ‍ॅल्युमिनियम या वादात महिना घालवतात आणि आकार मात्र छायाचित्र पाहून ठरवतात. क्रम उलटा असायला हवा. वर नळ्यांची कमान, चार दिव्यांच्या चौकटी आणि बाजूचे पंख असलेला बंपर आपल्याला नको आहे. अशा बंपरच्या वजनाचा निम्मा भाग दगडाला कधी स्पर्शही करत नाही.

प्रश्न : माझा प्रवास मुख्यतः लांब पल्ल्याचा आणि कच्च्या रस्त्यांचा असतो, समुद्रकाठच्या वाळूवरूनही गाडी न्यावी लागते. खडकांवर मी मुद्दाम जात नाही. गंजाच्या दृष्टीने अ‍ॅल्युमिनियमच निवडावे ना?

उत्तर : होय, आपण अ‍ॅल्युमिनियमच निवडावे, आणि त्याचे कारण गंजाइतकेच वजनही आहे. वाळूत पुढचा आस जितका जड, तितकी चाके खोल रुततात. पाणी, इंधन आणि सामान घेऊन निघालेल्या गाडीत वाचवलेला प्रत्येक किलो उपयोगी पडतो.

मात्र अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, हे विधान जपून करावे. हवेच्या संपर्कात त्यावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर तयार होतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. म्हणून न रंगवलेला बंपरही वर्षानुवर्षे टिकतो, फक्त निस्तेज दिसू लागतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड हा थर जागोजागी भेदते आणि बारीक खड्डे पडतात. त्याहून मोठे नुकसान होते ते पोलादी चासीशी जेथे जोड येतो तेथे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओलावा, म्हणजे छोटी विद्युतघटच झाली, आणि तीत झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. बोल्टच्या भोवती पांढरी भुकटी दिसू लागली, की हे सुरू झाले आहे असे समजावे. त्यासाठी चासी आणि बंपर यांच्या मध्ये नायलॉनची किंवा तत्सम विद्युतरोधक चकती घालावी, बोल्टच्या दांड्यावर रोधक बाही चढवावी, आट्यांना गंजरोधक लेप लावावा आणि चासीचा खरवडलेला रंग आधी पुन्हा भरून घ्यावा. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुताना सांध्यांत पाणी मारणे हे बाहेरून चमकवण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. तीव्र अल्कलीयुक्त तेलनाशक द्रव अ‍ॅल्युमिनियमवर वापरू नये, आणि लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण पृष्ठभागात अडकून तेथेच डाग पडतात.

पोलादाचे शत्रू बाहेरून दिसत नाहीत. पावडर कोटिंगला टवका उडाला की त्या जागी गंज धरतो हे सर्वांना ठाऊक असते, पण बंपरच्या बंद पेट्या आणि नळ्या आतून कुजतात, कारण त्यात शिरलेल्या चिखलपाण्याला बाहेर पडायला वाट नसते. तळाशी निचऱ्याची भोके आहेत की नाहीत, हे खरेदीपूर्वी खाली वाकून पाहावे.

प्रश्न : माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या बंपरला वेल्डिंगच्या सांध्यालगत चीर गेली आहे. बंपर कशालाही धडकलेला नाही. जवळच्या वेल्डरने हे काम घेण्यास नकार दिला. चीर का गेली आणि ती दुरुस्त होईल का?

उत्तर : नकार देणाऱ्या त्या वेल्डरचे आपण आभार मानावेत. न येणारे काम अंगावर घेणाऱ्याने आपले अधिक नुकसान केले असते.

बंपर धडकला नसला, तरी तो सतत थरथरत होता. पोलादाला एक सोयीची मर्यादा असते : तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला, तरी सहसा थकव्याची चीर पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा आला की एके दिवशी चीर सुरू होते. कच्च्या रस्त्यांवरच्या आडव्या लाटांवरून धावणाऱ्या गाडीत असे लक्षावधी हेलकावे सहज जमा होतात. चीर नेमकी वेल्डिंगलगत जाण्याचेही कारण आहे. ६०६१-टी६ ला मिळालेली ताकद उष्णतासंस्कारातून आलेली असते आणि वेल्डिंगची उष्णता सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात ती जवळजवळ निम्म्यावर आणते. ज्या रचनेत वेल्डिंग सर्वाधिक ताणाच्या जागी, म्हणजे बंपर चासीला जोडणाऱ्या आधारपट्टीच्या कोपऱ्यात, येते, ती रचनाच चुकीची आहे. कुशल बनवणारे तेथे पत्रा अखंड वाकवून घेतात आणि सांधा कमी ताणाच्या जागी ढकलतात.

दुरुस्ती होऊ शकते, पण ती प्रत्येक वेल्डरच्या आवाक्यातली नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या सुमारास वितळते, तर त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. तो आधी पूर्ण काढावा लागतो, शिवाय आरगॉन वायूचे आच्छादन, योग्य भरणतार आणि उष्णता झपाट्याने पसरवणाऱ्या या धातूला सांभाळणारा हात लागतो. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती पुढे जाऊ नये अशी तजवीज करावी, चीर खाचून पूर्ण खोलीपर्यंत भरून घ्यावी आणि मागून मोठ्या क्षेत्रावर पसरणारी पट्टी जोडावी. चीर जर चासीला धरणाऱ्या मुख्य आधारपट्टीतच असेल, तर माझा सल्ला दुरुस्तीचा नाही. ती पट्टी नवीच घ्यावी, शक्य असल्यास पोलादी. दूरच्या प्रवासात बंपर मोडला, तर साध्या काडीच्या वेल्डिंग यंत्रावर काम भागवता येते, हा पोलादाचा लाभ मी कोणत्याही मजबुतीच्या आकड्याहून मोठा मानतो.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमच्या बंपरमधून विंच ओढणे किंवा अडकलेली गाडी खेचणे सुरक्षित असते का?

उत्तर : बंपर आच्छादनाचे काम करत असेल आणि ओढ चासी घेत असेल, तर सुरक्षित असते. ४३०० किलो क्षमतेची विंच एकेरी दोरावर जवळजवळ ४२ किलोन्यूटन बल लावू शकते. हे बल विंचच्या तळाच्या पाटातून थेट चासीच्या दांड्यांत गेले पाहिजे. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या अनेक चांगल्या बंपरांत विंचचा पाट पोलादी असतो. तो नसेल, तर निदान जाड पत्रा आणि चासीपर्यंत जाणाऱ्या बोल्टांची सलग ओळ तपासावी. शॅकल (दोर जोडण्याची पिनेची धातूची कडी) अडकवण्याचे भोक अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीत असेल, तर प्रत्येक झटक्यात शॅकलची पिन ते थोडे लांबवते. भोक अंडाकृती दिसू लागले असेल, तर तेथून पुन्हा ओढू नये. पोलादी बंपर आहे म्हणून निश्चिंत राहण्याचेही कारण नाही. वेल्ड केलेली शोभेची कडी पोलादाचीही निखळते आणि बंदुकीच्या गोळीसारखी उडते. मागे ट्रेलर जोडण्यासाठी असलेल्या गोळ्याला तर दोर अडकवूच नये, मागचा बंपर कोणत्याही धातूचा असो. पोलादी दोराऐवजी कृत्रिम धाग्याचा दोर घेतल्यास पुढचे काही किलो वजन आणखी कमी होते.

प्रश्न : धातूचा बंपर बसवल्यावर एअरबॅग नीट चालतील ना? पोलाद की अ‍ॅल्युमिनियम, याने फरक पडतो का?

उत्तर : फरक धातूपेक्षा आधारपट्ट्यांच्या रचनेने पडतो. मूळ बंपरमागे चुरगळून धक्का शोषणारे डबे असतात आणि टक्करीचे संवेदक त्या चुरगळण्याच्या वेगाशी जुळवलेले असतात. ते डबे काढून ताठ आधार थेट चासीला जोडला, तर दोन्ही धातूंत धक्का वेगळ्या गतीने आत पोहोचतो. आपल्याच गाडीच्या मॉडेलसाठी एअरबॅगसह चाचणी घेतल्याचे बनवणाऱ्याने लेखी सांगितले असेल, तोच बंपर घ्यावा. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी धातूच्या बंपरांवर आपल्याकडे काही निर्बंध आहेत का, हेही आधी पाहावे. बसवल्यानंतर रेडिएटरसमोरचा हवेचा मार्ग आणि पार्किंगचे संवेदक तपासावेत, स्प्रिंगा दबल्यामुळे बदललेला हेडलाइटचा झोत जुळवून घ्यावा आणि पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत.