माळ गळ्यात, कालची तारीख वहीत

"गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही आणि ऑफिसात खोटी सही करतो. नोकरी सोडू का?" समुपदेशनात हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणारा कधी अकाउंट्समधला असतो, कधी साइट इंजिनिअर. इथला तरुण औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) प्रयोगशाळेत केमिस्ट होता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

खोटी सही म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारलं. औषध किती टिकतं हे पाहायला नमुने ठेवतात ते कपाट म्हणजे स्टॅबिलिटी चेंबर. त्याच्याकडचं चेंबर 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रतेवर चालायचं. तो आकडा ठरल्या वेळी लॉगबुकात उतरवायचा असतो. रात्रपाळीला माणूस कमी पडला की नोंद राहते. सकाळी वरिष्ठ म्हणतात, "कालची तारीख टाकून भरून टाक." हा भरायचा आणि संध्याकाळी घरी जप वाढवायचा. हळूहळू सोमवारचा उपास आला, अन्नदानाची पावती मोठी झाली, झोप मात्र उडाली.

गाठ इथेच होती. व्रताने मन तेवढ्यापुरतं हलकं होतं, आणि त्या हलकेपणाच्या बळावर पुढची सही होते. म्हणून श्रद्धेला हात न लावता एवढंच ठरलं: चालू नेम सुरू ठेवायचे, नवं व्रत धरायचं नाही. बोच राहू द्यायची.

दोन आठवडे त्याने टिपण ठेवलं. कुणी, कोणत्या कागदावर, काय लिहायला सांगितलं. त्यातून रुग्णाला इजा होऊ शकते का. ज्याला तो सरसकट पाप म्हणत होता त्यातलं बरंचसं नुसतं त्रासाचं निघालं: एकादशीला ठेवलेली पार्टी, साहेबांच्या शिव्या, रविवारचे फोन. खोटं म्हणावं असं एकच होतं, मागच्या तारखेच्या नोंदी.

त्यावरचा रस्ता बहुतेक कंपन्यांच्या एसओपीतच, म्हणजे लेखी कार्यपद्धतीतच, असतो. राहिलेली नोंद आजच्या तारखेने 'उशिरा नोंद' म्हणून करायची, कारण लिहून सही करायची, क्यूएकडे (गुणवत्ता हमी विभागाकडे) डेव्हिएशन, म्हणजे पद्धत कुठे चुकली याचा लेखी अहवाल, द्यायचं. चेंबरला डेटा लॉगर (आकडे आपोआप नोंदवणारं यंत्र) असेल तर त्याची प्रिंट जोडायची. मागची तारीख टाकून खरं तर काहीच वाचत नाही. तपासनीस लॉगबुक आणि गेटवरची हजेरी शेजारी ठेवतात, तेव्हा रजेवरच्या माणसाची सही उघडी पडते. (पैठणच्या नाथांनी एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवल्याची कथा त्याला कीर्तनातून पाठ होती. ती तो स्वतःला टोचायला वापरायचा. नाथांनी चूक शोधली, झाकली नाही, एवढंच त्याच्या लक्षात आणून दिलं.)

साहेबांना हे सांगायचा पहिला प्रयत्न फसला. "हे माझ्या तत्त्वात बसत नाही," तो म्हणाला. साहेब भडकले, "म्हणजे आम्ही चोर?" विभागात त्याला 'माऊली' म्हणू लागले, आणि ते आदराने नव्हे. वाक्यात देव, तत्त्व किंवा पाप आलं की समोरच्याला आरोपच ऐकू येतो आणि लॉगबुक बाजूला राहतं. मग खुर्च्या बदलून सराव झाला, आधी तो साहेब, नंतर स्वतः. शेवटी वाक्य उरलं ते असं: "सर, आजच्या तारखेने उशिरा नोंद करतो. डेव्हिएशनचा मसुदा अकरापर्यंत तुमच्या टेबलावर ठेवतो." साहेब कुरकुरले, पण सही केली. मसुदा तयार होता, त्यांना वेगळं काम पडलं नाही.

जुन्या नोंदींची यादी त्याने स्वतःहून क्यूए प्रमुखांना दिली. लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

हे सगळं करून पाहण्याआधी राजीनाम्याचा विचार नको, असा सल्ला दिला जातो. तरीही घरखर्च आणि कर्जाचे हप्ते धरून सहा महिन्यांची रक्कम आधी बाजूला काढावी. कारण वरचा उपाय राहिलेल्या नोंदींपुरता आहे. नापास नमुना पास दाखवायला सांगितलं, तर गोड वाक्याचा सराव करत बसू नये: लेखी नकार द्यावा, क्यूए प्रमुखांना कळवावं, आणि तिथे दाद लागली नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.