तीन क्लास, एक गुडघा : कुठला योगा लावू?

प्रश्न : ताई, वय ४७, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. कंबर आखडते, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी मागच्या वर्षी चालू झाली. घराजवळ तीन क्लास आहेत : जिममधला पॉवर योगा, एक अय्यंगार पद्धतीचा, आणि सकाळचा सूर्यनमस्कारांचा ग्रुप, तिथं मैत्रीण रोज ५१ घालते आणि म्हणते एवढं केलंस की बाकी काही नको. तिन्हीकडे तीन महिन्यांची फी एकदम भरायचीय. कुठला लावू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : फी अजून भरू नका. आधी तिन्ही ठिकाणी एकेक दिवस नुसतं बसून बघा, आणि जो शिक्षक बसू देत नाही तो तिथंच यादीतून काढा.

नावांनी गोंधळून जाऊ नका. पॉवर योगा आणि अय्यंगार एकाच घरातली भावंडं आहेत खरं तर. म्हैसूरला योगगुरू कृष्णमाचार्य शिकवायचे, त्यांचे एक शिष्य पट्टाभि जोइस तिथंच राहिले आणि श्वासाबरोबर एकामागून एक आसनं करायची ती अष्टांग विन्यास पद्धत त्यांनी पसरवली, पॉवर योगा पुढं अमेरिकेत त्यातूनच निघाला. दुसरे बी. के. एस. अय्यंगार, १९३७ साली पुण्यात आले ते इथलेच झाले. लहानपणी स्वतः खूप आजारी असायचे, म्हणून असेल कदाचित, पण न वाकणाऱ्या, दुखणाऱ्या शरीराचा विचार त्यांनी जितका बारकाईनं केला तितका मी दुसरीकडे पाहिला नाही. ब्रिक म्हणजे विटेसारखा ठोकळा, पट्टा, भिंतीतले दोर, खुर्ची, लोड, हे सगळं त्यासाठीच.

तुमच्यासाठी मी अय्यंगार म्हणेन, निदान पहिले सहा महिने. का ते सांगते. त्रिकोणासनात, म्हणजे पाय फाकवून उभं राहून कडेला वाकायचं त्या आसनात, हात जमिनीला टेकवायचाच म्हटलं की कंबर आखडलेला माणूस काय करतो, गुडघा वाकवतो, छाती खाली पाडतो, आणि सगळा भार नेमका दुखऱ्या जागी जातो. चांगला शिक्षक मुकाट्यानं घोट्याजवळ ब्रिक उभी करून ठेवतो, तुमचा हात तिच्यावर येतो, गुडघा सरळ राहतो, वाटी वर उचलली जाते, छाती उघडते आणि तुम्हाला पहिल्यांदा कळतं की अरे हे आसन असं असतं होय. मी २२ वर्षं शिकवतेय, हा क्षण आला की माणसाचा चेहरा बदलतो, तो बघायला मला अजूनही आवडतं.

मैत्रिणीचे नमस्कार वाईट नाहीत, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा केवढा प्रसार केला आणि आपल्याकडे किती घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या घातले जातात. पण हिशोब करा, एका नमस्कारात दोनदा कंबरेतून पूर्ण वाकायचं, म्हणजे ५१ मध्ये १०२ वेळा, आणि तितक्याच वेळा एक गुडघा खोल दुमडायचा. आखडलेल्या कंबरेला आणि दुखऱ्या गुडघ्याला ही सुरुवात नको. पुढं डॉक्टरांना विचारून तीन-चारपासून हळू वाढवा. पॉवर योगा सध्या नाहीच, तिथल्या वेगात तुमच्या गुडघ्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

बघायला जाल तेव्हा एवढंच बघा, नवीन माणूस आला की शिक्षक आजार, ऑपरेशन, गोळ्या विचारतात का, आणि कुणी "दुखतंय" म्हटल्यावर काय करतात. मी २९ वर्षांची असताना एका क्लासात पद्मासनात बसले होते, सरांनी मांड्या वरून दाबल्या, गुडघ्यात कट्ट आवाज आला आणि पुढचे आठ महिने मला मांडी घालून जेवायला बसता आलं नाही. तेव्हापासून सांगते, वरून दाबणाऱ्या शिक्षकाकडे जायचं नाही, मग पद्धत कुठलीही असो. आणि बीपी आहे हे पहिल्याच दिवशी सांगा, शीर्षासनाची घाई कुणी केली तर स्पष्ट नाही म्हणा.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे. बीपी आहे, काचबिंदूचं ऑपरेशन झालंय. टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती करतात, आता सर्वांगासन शिकायचं म्हणतात.
— एक मुलगी, कोल्हापूर

उत्तर : सर्वांगासन नको म्हणजे नकोच, डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. जोरातली कपालभातीही आजपासून बंद करा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा. बाबांना वाईट वाटेल, त्यांनी मनापासून धरलेलं आहे ते, म्हणून हातात दुसरं काहीतरी द्या. खुर्चीत ताठ बसून, श्वास अजिबात न रोखता सावकाश अनुलोम-विलोम, दहा मिनिटं. मग शवासन, मानेखाली घडी केलेली चादर घालून. जमलं तर एकदा लोणावळ्याच्या कैवल्यधामला घेऊन जा, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेली संस्था, आसनांनी शरीरात काय होतं ते एक्स-रे काढून, बीपी मोजून तपासायची पद्धत त्यांनी तेव्हाच सुरू केली, आणि मोजून सांगितलेलं बाबांच्या वयाची माणसं ऐकतात असा माझा अनुभव आहे. तोवर सकाळी पोट रिकामं असतानाच बसवा, आणि पहिला आठवडाभर तुम्ही शेजारी बसा.