खिंडसी तलावात चालवायच्या १४ फुटी फायबर बोटीवर जॅक प्लेट, म्हणजे मोटर थोडी मागे सरकवून वर-खाली करू देणारा धातूचा जोड, लावून मोटर किती उंचीवर बसवावी?

सुरुवातीला मोटरची कॅव्हिटेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या वरची आडवी पट्टी, बोटीच्या तळाच्या रेषेत धरावी आणि जॅक प्लेटमुळे मोटर जितकी मागे सरकेल त्याच्या दर १२ इंचांमागे साधारण १ इंच वर घ्यावी, कारण वेगात असताना तळाखालून सुटलेले पाणी मागे जाता जाता वर चढते. मोटर ६ इंच मागे नेणाऱ्या जॅक प्लेटला अर्धा इंच पुरतो. पुढचे समायोजन तलावातच करावे: वळताना पंखा हवा ओढून नुसताच गरगरू लागला किंवा मोटरमागून पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली, तर मोटर थोडी खाली घ्यावी. मात्र मागे सरकलेल्या वजनाचा ताण ट्रान्समवर, म्हणजे मोटर जिच्यावर बसते त्या बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, वाढत असल्याने, हातोडीने ठोकल्यावर ट्रान्सम बद्द वाजत असेल, तर आतले कुजके प्लायवुड बदलल्याशिवाय जॅक प्लेट लावूच नये.