सोमवारी दाखला नसला तरी शाळेत जायचं

अरे, कळव्याचं सामान बांधून झालं का? काल बालकल्याण समितीच्या मॅडमचा फोन आलेला, म्हणाल्या तुझ्या प्रतिपालकत्वासाठी, म्हणजे तुला सांभाळायला, घणसोलीच्या काका-काकूंचं घर फायनल झालं आणि तू दोन दिवस धड जेवला नाहीस. नवीन घराचं मी काय सांगणार, ते तुलाच कळेल हळूहळू. पण शाळेचं सांगू शकतो, क्लार्क आहे ना, दिवसभर दाखल्यांच्याच खिडकीत बसतो.

तर सोमवारी शाळेत जायचंच. जुनी शाळा सोडल्याचा दाखला आलेला नसला तरी. आठवीत आहेस, 13 वर्षांचा, म्हणजे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात बसतोस, आणि त्यातलं कलम 5 सांगतं की जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि द्यायला उशीर झाला तर त्यासाठी नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. हे पालिकेच्या आणि अनुदानित शाळांना लागू आहे, विनाअनुदानित प्रायव्हेटमध्ये जाताना हा हक्क चालत नाही, म्हणूनच मी मॅडमना म्हटलं पालिकेचीच बघा. खिडकीतला माणूस "एलसी (म्हणजे हाच दाखला) आणल्यावर या" बोलला तर वाद घालायचा नाही, काकांना म्हणायचं थेट मुख्याध्यापकांकडे चला, समितीच्या ऑर्डरची झेरॉक्स घेऊन.

एवढं ताणून सांगतोय कारण माझे 23 दिवस गेलेत. 2007, मी सातवीत, कळव्यातूनच दिघ्याला आलेलो (तेव्हा दिघा गाव स्टेशन पण नव्हतं, ऐरोलीला उतरायचं), हा कायदाच आलेला नव्हता आणि जुन्या शाळेने लायब्ररीच्या एका पुस्तकावरून दाखला धरून ठेवलेला. 23 दिवस मी चाळीच्या जिन्यात बसून दप्तरवाली पोरं जाताना बघायचो, आणि ज्यांच्याकडे राहत होतो त्या मावशींना वाटायचं याला शाळाच नकोय. पुस्तक माझ्याकडे नव्हतंच रे.

ऑनलाइनचं पण एक असतं. तुझं नाव यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, जुन्या शाळेत अडकलेलं असणार, त्यांनी ते ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) सोडलं की नवीन शाळा तुझा पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नंबर, टाकून खेचून घेते. हे क्लार्कचं काम, तू फक्त तो नंबर निघायच्या आधी वहीच्या मागे लिहून घे. नावाचं टेन्शन घेऊ नको, प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे, आडनाव जुनंच राहतं. कोणी प्रेमाने बदलायला निघालं तर नको म्हण, नाहीतर दहावीच्या फॉर्मला रडारड होते.

आता खरी अडचण. तू मराठी मीडियमचा आणि घणसोलीत तुला सेमीच्या तुकडीत बसवतायत असं ऐकलं. म्हणजे गणित आणि सायन्स इंग्लिशमधून. तुला येतं सगळं, पण बाई फळ्यावर "मीडियन" लिहितील आणि तुला कळणार नाही की ही आपली मध्यगा, शिरोलंब म्हणजे अल्टिट्यूड, परिमेय म्हणजे रॅशनल. पहिले पंधरा दिवस ढ वाटशील, वाटू दे. वहीच्या प्रत्येक पानाला मध्ये रेघ मार, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्लिश. आणि जुन्या बाईंकडून एका कागदावर लिहून आण, प्रत्येक विषयाचा कुठला धडा चालू होता आणि पहिल्या सत्राचे मार्क किती. हा कागद कुठल्याच फाइलमधून येत नाही, मुलालाच आणावा लागतो, आणि माझ्या मते दाखल्यापेक्षा तोच जास्त कामाचा.

शाळेत एकाच मोठ्या माणसाला सगळं माहीत असू दे, वर्गशिक्षिका असतील तर उत्तम. कोणाला सांगायचं ते तू ठरव. बाकी पोरं विचारणारच आईबाबा काय करतात, "मी काकूंकडे राहतो" एवढं पुरतं, आणि ते खोटं पण नाही. कोणी सर वर्गात सगळ्यांसमोर खोदायला लागले तर मला फोन कर. खरंच कर, मुलांची हेल्पलाइन 1098 पण आहे, 24 तास, पण मी जवळ आहे.

आणि कंपास तुटलीय ना? काकूंकडे माग. लाजू नको.

मंगळवारी संध्याकाळी घणसोली स्टेशनच्या बाहेर भेटू, वडापाव खाऊ, ती रेघवाली वही आण.