चाचण्यांचा डेटा सांभाळणं हे कारकुनी काम आहे का?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगी इथेच ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे. बेंगळुरूच्या एका कंपनीत तिला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय. काम आहे विमानाच्या फ्लाइट कंट्रोल सिस्टिमच्या चाचण्यांचा डेटा सांभाळण्याचं. नातेवाईक म्हणतात, "हे फायली लावायचं काम, त्यापेक्षा पुण्यात आयटीत बघा." पाठवावं का? एरोनॉटिकलची पदवी नाही म्हणून पुढे अडेल का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर: नमस्कार. पाठवा, पण आधी काम नीट समजून घ्या.

तेजस हे मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान आहे. फ्लाइट कंट्रोलचा चार चॅनेलचा, म्हणजे तेच काम चार समांतर मार्गांनी करणारा, डिजिटल संगणक क्षणोक्षणी सावरत नसेल, तर पायलटला ते उडवता येणार नाही. अशा संगणकाचं सॉफ्टवेअर 'चालतंय' एवढं सांगून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. नागरी विमानांसाठी डीओ-178सी हे मानक त्यासाठीच आहे: प्रत्येक रिक्वायरमेंटपासून (सिस्टिमनं काय करायला हवं ती अट) टेस्ट केसपर्यंत (ती अट तपासणारी चाचणी), तिथून निकालापर्यंत आणि उलटही माग काढता आला पाहिजे. निकालासोबत सॉफ्टवेअरची आवृत्ती, रिगची (चाचणीसाठी जमिनीवर उभारलेल्या यंत्रणेची) जोडणी आणि सेन्सरच्या कॅलिब्रेशनची मुदत नोंदलेली हवी. यातलं एक सुटलं तर आकडे कितीही सुंदर असोत, चाचणी पुन्हा करावी लागते. नापास झालेली रन, म्हणजे चाचणीची फेरी, पुसायची नसते. प्रॉब्लेम रिपोर्ट लिहायचा, दुरुस्तीनंतर नवी रन घ्यायची आणि दोन्ही जपायच्या.

चुका कुठे होतात ते पाहिलं की या कामाचं वजन कळतं. समजा, पायलटच्या काठीची (कंट्रोल स्टिक) हालचाल एका रेकॉर्डरवर नोंदली, एलेव्हेटरची (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग) दुसऱ्यावर, आणि दोघांच्या घड्याळांत 50 मिलिसेकंदांचा फरक आहे. 1 हर्ट्झच्या हालचालीत तेवढ्यानं 18 अंशांची खोटी फेज (एका हालचालीमागे दुसरी किती रेंगाळते त्याचं माप) दिसते, 2 हर्ट्झला 36. फेज मार्जिन, म्हणजे सिस्टिम डळमळण्याआधी फेजला उरलेली मोकळीक, किमान 45 अंश असावं ही रूढ अपेक्षा. म्हणजे चांगली सिस्टिम नापास ठरू शकते, किंवा याहून वाईट, फरक उलट दिशेचा असेल तर वाईट सिस्टिम पास होते. म्हणूनच रिगवर आधी सगळ्यांना एकच टाइम सिग्नल देतात, मग बाकीचं.

एक्सेल हा दुसरा सापळा. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात. सेकंदाला 100 ओळींनी तीन तासांच्या आतच शीट भरते. शिवाय विमानातल्या उपकरणांमध्ये डेटा नेणाऱ्या एआरआयएनसी 429 बसवरची लेबलं (डेटा कशाचा आहे ते सांगणारे आकडे) अष्टमान पद्धतीची असतात. 203 म्हणजे दशमानातला 131. एक्सेल 014 मधलं शून्य गुपचूप गिळतं, आणि मग कुणाला काही सांगायची सोय राहत नाही. चिन्ह आणि एककांची तीच गत: अंश की रेडियन, एलेव्हेटर खाली गेला तर अधिक की उणे, हे फाइलमध्येच लिहिलेलं असावं.

पदवीचं म्हणाल, तर ई अँड टीसी इथे उपयोगाचीच आहे. सॅम्पलिंग, फिल्टर, बस प्रोटोकॉल हे सगळं तिच्याच अभ्यासक्रमातलं. एरोनॉटिकलसाठी वर्ष वाया घालवू नका. पायथन (प्रोग्रामिंग), एसक्यूएल (डेटाबेस) आणि गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणं) मात्र हात बसेपर्यंत शिकायला हवं. पुढे डीआरडीओत (संरक्षण संशोधन संस्था) सायंटिस्ट 'बी' व्हायचं असेल तर गेट ही अभियांत्रिकीची परीक्षा द्यावी लागेल. त्याची तयारी तिसऱ्या वर्षातच सुरू झालेली बरी.

जाण्याआधी घरच्या लॅपटॉपवर एक काम करायला सांगा. जेएसबीसिम हे विमानाचं उड्डाण संगणकावर घडवून बघायचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात सेसना 172 चं मॉडेल मिळतं. एलेव्हेटरला एक डब्लेट द्यायचा, म्हणजे थोडा वेळ वर, तेवढाच वेळ खाली. पिच रेट (नाक वर-खाली होण्याचा वेग) सीएसव्ही फाइलमध्ये नोंदवायचा, फाइलचा एसएचए-256 हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून ठेवायचा. मग मुद्दाम वीसेक ओळी गाळून आपल्या पायथन स्क्रिप्टला ती उणीव पकडता येते का बघायचं. मुलाखतीत हे दाखवणं प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा भारी पडतं.

अडचणीही ऐका. संरक्षणाचं काम असेल तर डेटा बाहेर नेता येत नाही, पुढच्या नोकरीत नमुना म्हणून दाखवताही येत नाही. रिग अनेक गटांत वाटून घेतात, त्यामुळे रात्रपाळी लागू शकते. राहण्याची सोय त्या हिशेबानं बघा.

होकार कळवण्याआधी तिनं कंपनीला दोन गोष्टी विचाराव्यात: रिगवर चाचणी चालू असताना बसायला मिळेल का, आणि डेटा तपासणाऱ्या स्क्रिप्ट ती स्वतः लिहील का? दोन्हींना 'नाही' उत्तर आलं, नुसतं रिपोर्टचं फॉरमॅटिंग असलं, तर सहा महिने देऊ नका.