बयाणा, जामीन आणि तोंडी हुकूम : ठेकेदारांचे प्रश्न

प्रश्न : कोरेगाव तालुक्यातील एका रस्त्याच्या कामासाठी मी ऑनलाइन निविदा भरली. अंदाजपत्रकापेक्षा ८ टक्के कमी दर द्यायचा होता, पण भरताना १८ टक्के कमी असे नोंदले गेले आणि लिफाफे उघडल्यावर माझीच निविदा सर्वांत कमी ठरली. स्वीकृतीपत्र अजून आलेले नाही. माघार घेतल्यास बयाणा रक्कम परत मिळेल का? (एक ठेकेदार, जि. सातारा)

उत्तर : माघार घेता येईल, बयाणा मात्र बहुधा परत मिळणार नाही. निविदा म्हणजे आपण दिलेला प्रस्ताव, आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४ व ५ नुसार स्वीकृतीपत्र आपल्याकडे रवाना होईपर्यंत तो मागे घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. परंतु बयाणा रक्कम कामाच्या कराराची नसते. ठरावीक वैधता कालावधीत प्रस्ताव मागे घेणार नाही, या वेगळ्या बोलीची ती हमी असते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला आणि प्रस्ताव मागे घेण्याचा हक्क असला तरी अटीप्रमाणे बयाणा जप्त करता येतो, असे सांगितले.

चूक प्रामाणिक होती, एवढ्यावर फार विसंबू नये. पश्चिम बंगाल राज्य वीज मंडळ विरुद्ध पटेल इंजिनिअरिंग (२००१) या प्रकरणात दरांतील चुका संगणकामुळे झाल्या असे निविदाकाराचे म्हणणे होते, तरीही लिफाफे उघडल्यानंतर दर दुरुस्त करू देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, कारण तसे केल्यास इतर निविदाकारांवर अन्याय होतो. तरीही आपण आजच कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्यावे, सोबत दर पृथक्करण (दर कसा बसतो याची फोड) जोडावे आणि १८ टक्के कमी दरात काम होणे शक्य नाही हे आकड्यांनिशी दाखवावे. त्यावर सवलत देणे न देणे हा त्यांचा प्रश्न आहे, पण स्वीकृतीपत्र निघण्यापूर्वीचे पत्र आणि नंतरचे पत्र यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

शिवाय हिशेब मांडून पाहावा. अंदाजपत्रक ४० लाखांचे धरले तर दहा टक्क्यांची चूक म्हणजे ४ लाख रुपये, आणि इतक्या कमी दरासाठी अतिरिक्त सुरक्षा ठेव मागितली जाते ती वेगळीच. बयाणा एक टक्का असेल तर जप्तीत ४० हजार जातील. अब्रूखातर काम रेटून नेण्यापेक्षा हा तोटा पत्करणे मला शहाणपणाचे वाटते. काळ्या यादीची भीती असेल, तर नोटीस देऊन म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय तशी कारवाई करता येत नाही, हे एरुशियन इक्विपमेंट खटल्यापासून ठरून गेलेले आहे.

प्रश्न : मी तासगावजवळचा निवृत्त शिक्षक आहे. माझा भाचा सरकारी कामे घेतो. त्याला बँक गॅरंटी मिळावी म्हणून मी बँकेत जामीन राहिलो आणि माझी ठेव पावतीही तारण दिली. मला न विचारता त्याच्या कामाला दोनदा मुदतवाढ मिळाली. आता तो म्हणतो, ‘मामा, मी विमा कंपनीचा बाँड घेतो, म्हणजे तुम्ही सुटलात.’ हे खरे आहे का? (एक वाचक, जि. सांगली)

उत्तर : आपल्या भागात पतसंस्थेत किंवा सोसायटीत कोणाला जामीन राहिला नाही असा गृहस्थ शोधावा लागेल, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

येथे दोन वेगळ्या हमी आहेत. पहिली बँकेने खात्याला, म्हणजे काम देणाऱ्या सरकारी विभागाला, दिली आहे. भाच्याने काम नीट केले नाही तर खात्याने मागताच बँक पैसे देईल. अशी बिनशर्त गॅरंटी वटवण्यास न्यायालये सहसा मनाई करत नाहीत. उघड फसवणूक किंवा कधीही भरून न येणारे नुकसान एवढेच अपवाद मानले जातात. दुसरी हमी आपण बँकेला दिली आहे. बँकेने खात्याला पैसे चुकते केले, की ती ते भाच्याकडून आणि आपल्याकडून वसूल करणार. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते आणि आधी भाच्यावर वसुली करून मगच आपल्याकडे यावे असे बंधन बँकेवर नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद (१९६९) या निकालाने ही शंका फार पूर्वीच मिटवली आहे.

मुदतवाढीचे म्हणाल, तर कलम १३३ व १३५ जामीनदाराच्या बाजूचे आहेत. त्याच्या संमतीशिवाय मूळ करारात फेरफार झाला किंवा ऋणकोला वाढीव वेळ दिला, तर जामीनदार मुक्त होऊ शकतो. मात्र आपल्या बाबतीत पाहायचे ते बँक आणि भाचा यांच्यातील करारात काय बदलले ते. खाते आणि भाचा यांच्यातील मुदतवाढीचा परिणाम आधी बँकेच्या हमीवर होतो. बँकेने त्या मुदतवाढीमुळे स्वतःची गॅरंटीही वाढवून दिली असेल, तर आपला मुद्दा उभा राहतो. पण बँकेच्या छापील हमीपत्रात ‘भविष्यातील मुदतवाढ व फेरफार यांस जामीनदाराची आगाऊ संमती आहे’ अशा अर्थाचे कलम बहुतेक असतेच, आणि त्याखाली आपली सही असेल तर हा बचाव तेथेच संपतो. म्हणून त्या हमीपत्राची प्रत बँकेकडून लेखी मागणी करून घ्यावी. हमी चालू स्वरूपाची असेल, म्हणजे एकामागून एक व्यवहारांसाठी असेल, तर कलम १३० नुसार यापुढील व्यवहारांसाठी ती सूचना देऊन मागे घेता येते. ही नोटीस आपण विनाविलंब द्यावी. झालेली जबाबदारी त्याने टळणार नाही, नवी मात्र वाढणार नाही.

आता विमा कंपनीच्या बाँडविषयी, म्हणजे बँक गॅरंटीऐवजी विमा कंपनी खात्याला देते त्या हमीपत्राविषयी. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाची यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, त्याच वर्षी केंद्र सरकारच्या खरेदीविषयक नियमांत बयाणा व कार्यपूर्तीच्या हमीसाठी असे बाँड स्वीकारण्याची तरतूद झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये असा पहिला बाँड बाजारात आला. बँकेत मार्जिन (गॅरंटीपोटी ठेवावी लागणारी रक्कम) म्हणून अडकणारे खेळते भांडवल मोकळे राहावे, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण विमा हा शब्द ऐकून ठेकेदारांची जी समजूत होते, ती घातक आहे. गाडीच्या विम्यात नुकसान विमा कंपनी सोसते. येथे कंपनी खात्याला भरपाई देते आणि ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करते. कलम १४५ चा आधार त्याला आहेच, शिवाय कंपनी वेगळा क्षतिपूर्ती करार लिहून घेते. त्या करारावर मालक, भागीदार किंवा नातेवाईक यांच्या सह्या मागितल्या, तर मामा एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत येतील.

तेव्हा भाच्याचे म्हणणे एका क्रमाने घडले तरच खरे ठरेल : निविदेच्या अटींत असा बाँड चालत असला पाहिजे, खात्याने तो बदली म्हणून लेखी स्वीकारला पाहिजे, जुनी बँक गॅरंटी मूळ प्रतीसह बँकेत परत गेली पाहिजे आणि बँकेने आपल्याला जामिनकीतून मुक्त केल्याचे पत्र देऊन ठेव पावती परत केली पाहिजे. तोपर्यंत आपण सुटलेले नाही, आणि नव्या कोणत्याही कागदावर सही करू नये.

प्रश्न : जत तालुक्यातील बंधाऱ्यावर शाखा अभियंत्यांनी जागेवर सांगितले म्हणून मी खोदाई वाढवली आणि दगडी पिचिंगही (उतारावर दगडांचे अस्तर) केले. अंतिम देयकात यातले काहीच धरलेले नाही. काय करावे? (एक ठेकेदार, जि. सांगली)

उत्तर : दोन्ही गोष्टी वेगळ्या मांडाव्यात. खोदाई ही निविदेतलीच बाब आहे, फक्त परिमाण वाढले. आपला करार बी-१ या सरकारी छापील निविदा नमुन्यात असेल तर त्याचे कलम ३८ पाहावे. साधारणपणे २५ टक्क्यांपर्यंतची वाढ निविदेच्या दरानेच मोजली जाते. पिचिंग ही नवी बाब असल्यास त्याच नमुन्याचे कलम १४ लागते, आणि तेथे लेखी आदेश हवा असतो.

लेखी आदेश नाही म्हणून दावा बुडालाच असे नाही. करार अधिनियमाचे कलम ७० सांगते, की फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मोंडल (१९६२) या खटल्यात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून केलेल्या बांधकामाचे पैसे याच कलमाखाली ठेकेदाराला मिळाले. मात्र काम झाल्याचे सिद्ध करणे आपल्याकडे आहे : मोजमाप पुस्तकातील नोंदी, तारखेसह छायाचित्रे, दगडाच्या खेपांच्या पावत्या. अंतिम देयकावर सही करायची असेल तर ‘हरकत राखून’ असे लिहूनच करावी. दाव्याची मुदत साधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे असते. कार्यालयाच्या लेखी कबुलीने ती नव्याने सुरू होऊ शकते, नुसत्या हेलपाट्यांनी नाही.