दुधाची कॉफी घरी करण्यासाठी फ्रेंच प्रेस, मोका पॉट की साउथ इंडियन फिल्टर?

घरात कॉफी पिणारे दोघेच असून दोघांनाही ती दुधाची लागते, तर विजेचे यंत्र न घेता या तिघांपैकी काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. इंदूरच्या आमच्या घरी ही तिन्ही साधने वापरून झाली आहेत आणि माझे मत स्पष्टपणे फिल्टरच्या बाजूने आहे.

फ्रेंच प्रेसमध्ये १५ ग्रॅम जाडसर पुडीवर साधारण २५० मिलिलिटर गरम पाणी ओतून चार मिनिटे ठेवतात आणि मग जाळीचा दट्ट्या दाबून चोथा खाली बसवतात. ही कॉफी काळी प्यायला उत्तम लागते, परंतु तीत अर्धा कप दूध पडले की चव फिकी होते. (कॉफीतला कोलेस्टेरॉल वाढवणारा तेलकट अंश प्रेसच्या जाळीतून कपात उतरतो, कागदी गाळणी तो बराचसा अडवते; घरात कोणाला पथ्य असल्यास हे ध्यानात ठेवावे.)

मोका पॉट इटलीत १९३३ साली आला. त्यात वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून वर चढते आणि कॉफी दुधाला पुरेल इतकी कडक होते. मात्र खदखदण्याचा आवाज येताच भांडे उतरवले नाही तर ती करपट लागते. शिवाय ॲल्युमिनियमचे भांडे इंडक्शनवर चालत नाही, आणि त्याचा बूड लहान असल्याने गॅसच्या शेगडीवर जाळी ठेवावी लागते.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. तळाला बारीक छिद्रे असलेल्या वरच्या भांड्यात पूड घालून गरम पाणी ओतले की कडक कॉफी, म्हणजे अर्क, थेंबथेंब खालच्या भांड्यात उतरतो. हे रात्री लावून ठेवले की सकाळी फक्त दूध तापवायचे उरते. पाव कप अर्काला पाऊण कप दूध सहज पेलते. आमच्याकडे एकदा रात्रभरात जेमतेम दोन चमचे अर्क उतरला होता. वरचे भांडे खिडकीशी धरून पाहिले, तेव्हा मोजक्याच छिद्रांतून उजेड दिसत होता. बाकीची बारीक पुडीने आणि बोअरच्या पाण्यातील क्षारांनी बुजली होती. भांडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकळून उलट बाजूने ब्रशने घासल्यावर ती मोकळी झाली. म्हणून पूड फिल्टरसाठी दळलेलीच घ्यावी, मैद्यासारखी नको, आणि ती अगदी हलक्या हाताने दाबावी. पुडीत चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) पाचवा हिस्सा असली तर अर्क दाट येतो. त्याहून जास्त घालू नये. स्टीलचा दोन कपांचा फिल्टर आपल्याला पुरेसा आहे. घेताना तळाची छिद्रे उजेडासमोर धरून अवश्य पाहावीत.